गाडीचे बुश आणि सासूबाईंचा मणका



वाळवणांवरचे लेख संपले, पापड डब्यात गेले. आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते. ज्या स्वतः गाडी चालवतात त्यांच्यासाठी, आणि ज्या चालवत नाहीत पण गॅरेजचे बिल ज्यांच्या घरखर्चातून जाते त्यांच्यासाठीही. विषय आहे जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांजवळचे रबरी बुश. नाव ऐकून पान बंद करू नका. आपल्या कुकरच्या रिंगेपेक्षा त्यात अवघड काही नाही.

आमची गाडी 2009 ची पेट्रोल स्विफ्ट. आमचे हे काचबिंदूमुळे सहा वर्षांपासून गाडी चालवत नाहीत, तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे आहे. घरात सासूबाई आहेत, वय 86. गेल्या वर्षी हाडांच्या ठिसूळपणामुळे त्यांच्या पाठीचा एक मणका दबला. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्यांना सांगलीहून मिरजेला दवाखान्यात न्यावे लागते. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. वाकायचे नाही आणि धक्का बसू द्यायचा नाही. घरापासून दवाखान्यापर्यंत 14 गतिरोधक आहेत, मी मोजलेत. त्यातले निम्मे कोणत्या मापाने बांधले ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

आवाज पहिल्यांदा सासूबाईंनीच ओळखला. चढउतार सोपी पडते म्हणून त्या पुढे माझ्या डावीकडे बसतात. जूनमध्ये एकदा म्हणाल्या, "अगं, इकडं पायाखाली काहीतरी टकटकतंय. कुणी हातोडी मारल्यावानी." मी खिडकी बंद केली, त्यांच्या मांडीवरची औषधांची पिशवी मागे ठेवली आणि ऐकले. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही. गतिरोधकावर चाक चढताना गप्प, उतरताना एक टक्. ब्रेक लावला की पुन्हा एक टक्, आणि गाडी किंचित डावीकडे ओढल्यासारखी. घरी आल्यावर गाडीच्या वहीत तारीख घालून हे सगळे लिहिले. (माझी एक वही आहे. पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, किलोमीटर. बी.कॉम. झाल्यावर नोकरी केली नाही, पण नोंद ठेवण्याची सवय सुटली नाही.) पुढच्या खेपेला सासूबाई डाव्या हाताने दारावरची मूठ घट्ट धरून बसल्या. गतिरोधक जवळ आला की डोळे मिटायच्या. बोलल्या काही नाहीत, पण दवाखान्यात पोचेपर्यंत चेहरा पांढरा झाला होता.

पहिल्यांदा गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. काउंटरवरच्या मुलाने गाडीत बसून एक फेरी मारली आणि म्हणाला, पुढचे शॉकअब्सॉर्बर गेले, दोन्ही बदलावे लागतील, 14,000 होतील. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघत होता. यांना त्याचा चेहराही नीट दिसत नव्हता. हे म्हणाले, "गाडी त्या चालवतात, त्यांना सांगा." मी विचारले, शॉकअब्सॉर्बर गेले हे कशावरून? तो म्हणाला, "मॅडम, आवाजावरून." गाडीखाली मात्र कुणी गेले नव्हते. मी अंदाजपत्रकाचा कागद घेतला आणि गाडी परत आणली. रोग बघितल्याशिवाय औषध घ्यायचे नाही, एवढे तर दवाखान्याच्या फेऱ्यांनी शिकवलेच होते.

मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, विकून टाक. पंधरा वर्षांच्या गाडीवर कुठे खर्च करतेस?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. 2024 मध्ये 15 वर्षे झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून नोंदणी आणखी 5 वर्षांसाठी वाढवून घेतली होती, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. हिशेबाच्या पुस्तकातही त्याचीच बाजू वरचढ ठरेल. मोटारीवर दरवर्षी 15 टक्के घसारा धरला, तोही उरलेल्या किमतीवर, तर 100 रुपयांची गाडी 15 वर्षांनी कागदावर पावणेनऊ रुपयांची राहते. पण त्या पावणेनऊ रुपयांत माझे दवाखान्याला जाणे-येणे होते. नवी गाडी घ्यायची तर सात-आठ लाख. रिक्षात सासूबाई बसू शकत नाहीत. आणि आमच्या गाडीचे इंजिन अजून घड्याळासारखे चालते.

शेजारच्या वहिनींनी माधवनगर रस्त्यावरच्या एका मिस्त्रींचे नाव सांगितले. पत्र्याची शेड, जमिनीत एक खड्डा, बाहेर चार रिक्षा. मिस्त्री माझ्याच वयाचे असतील. त्यांना वहीतली नोंद वाचून दाखवली. मध्ये एकदाही बोलले नाहीत, सगळे ऐकून घेतले. मग गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. "शॉकअब्सॉर्बर गेला असता तर बोटीसारखी डुलत बसली असती, काकू. तेलपण कुठं गळत नाही." मग गाडी खड्ड्यावर घेतली आणि मला म्हणाले, "या, खाली उतरून बघा." साडीचा पदर खोचला आणि उतरले. मैत्रिणींनो, आपल्या गाडीचे पोट एकदा तरी बघावे. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

पुढच्या प्रत्येक चाकाला खालून धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, गॅरेजच्या भाषेत लोअर आर्म. इंग्रजी एल अक्षरासारखा आकार. बाहेरचे टोक चाकाकडे, तिथे बॉल जॉइंट. आतल्या बाजूची दोन टोके गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, आणि त्या दोन जोडांमध्ये एकेक बुश. चाक खड्ड्यात गेले, गतिरोधकावर चढले की हा हात आतल्या जोडावर वर-खाली होतो. लोखंडावर लोखंड बसवले असते तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा आपल्या पाठीला कळला असता. म्हणून मध्ये रबर.

मिस्त्रींनी एक लांब टॉमी, म्हणजे छोटी पहारच, आर्म आणि सांगाड्याच्या मध्ये घालून दाबली. डावा आर्म बोटभर मागे सरकला आणि तोच आवाज आला. टक्. तीन महिने ऐकत होते तो आवाज समोर, हाताच्या अंतरावर. बॅटरीच्या उजेडात बघितले तर बुशाचे रबर मधल्या नळीपासून अर्धे सुटलेले, कडेला भेगा. उजव्या बाजूचे तेवढे नाही, पण त्यालाही भेगा होत्याच. ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे का ओढायची तेही तिथेच कळले. ब्रेक लागला की चाक मागे ढकलले जाते, आर्म सैल म्हणून चाकाची दिशा जराशी बदलते. हे नुसते आवाजाचे दुखणे नव्हते. पावसात एखाद्या ट्रकच्या मागे जोरात ब्रेक लावायची वेळ आली असती तर?

हा गाडीचा दोष म्हणता येणार नाही. रबराचे वयच झाले. आपल्या कुकरची रिंग बघा. नवी असताना बोटाने दाबली की दबते, दोन वर्षांनी कडक होते, ताणली की भेगा दिसतात आणि वाफ कडेने निसटते. रबर टिकाऊ व्हावे म्हणून गंधक घालून तापवायची रीत आहे, चार्ल्स गुडइयरने तिचे अमेरिकन पेटंट 1844 मध्ये घेतले. पण तसे पक्के केलेले रबरही हवेने, उष्णतेने आणि तेलाने हळूहळू मरते. आमच्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि बुश इंजिनाच्या खालीच. 15 वर्षे टिकला हेच पुष्कळ.

आता खर्च. इथे दोन रस्ते होते. एक, फक्त चार बुश बदलायचे. दुसरा, बुश आणि बॉल जॉइंटसकट दोन्ही आर्म नवे घालायचे. मिस्त्रींच्या जुन्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मांडणी केली. बुश 350 चा एक, चार मिळून 1,400. जुने काढून नवे दाबून बसवायला प्रेसवाल्याचे 600. आर्म काढण्या-घालण्याची मजुरी 1,000. शेवटी अलाइनमेंट 400. एकूण 3,400. नवे आर्म 2,100 प्रमाणे 4,200, त्यावर मजुरी आणि अलाइनमेंट तीच, म्हणजे 5,600. फरक 2,200 चा. यात एक गोष्ट लक्षात घ्या. मजुरी आणि अलाइनमेंट दोन्हीकडे सारखीच पडते. आज बुश बदलले आणि वर्षभरात बॉल जॉइंट गेला तर हे 1,400 पुन्हा मोजावे लागणार. म्हणून सगळा निर्णय बॉल जॉइंटवर होता. मिस्त्रींनी चाक उचलून, वर-खाली धरून हलवले, मलाही हलवायला लावले. जरासुद्धा खेळ नव्हता, वरची रबरी टोपी अखंड. आर्म सरळ, गंज वरवरचा. बॉल जॉइंट ढिला असता तर मी एक मिनिटही विचार न करता पूर्ण आर्म घेतले असते, कारण तो तुटला तर चाकच कोलमडते. तो ठीक होता, म्हणून बुश.

बुश एकाच बाजूचे बदलायचे का, असे यांनी विचारले. मिस्त्री म्हणाले, चप्पल एकच बदलता का साहेब? चारही बदलायचे ठरले.

दुकानात बुशाचेही तीन प्रकार दाखवले. बिननावाचा 120 रुपयांचा, गाडीच्या कंपनीचा 350 चा आणि पॉलियुरेथेनचा, जो या दोन्हींपेक्षा महाग आणि म्हणे कायम टिकतो. दुकानदाराचा आग्रह तिसऱ्याचा. तो टिकतो हे खरे असेल, पण रबरापेक्षा कडक असतो. वळणावर जोरात गाडी चालवणाऱ्या तरुणांना तो आवडतो, रस्त्याची थरथर मात्र जास्त आत येते. मला शर्यत जिंकायची नव्हती. मऊ हवा होता. कंपनीचा घेतला.

आर्म काढून कुपवाड एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे न्यावे लागले, त्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे. काही ठिकाणी हातोडीने ठोकून बुश काढतात. त्यात आर्म वाकला तर अलाइनमेंट कधीच बसत नाही. जुना बुश काढण्याआधी मिस्त्रींनी आर्मवर पांढऱ्या रंगाने खूण केली. मी कारण विचारले. बुशाच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, पुढे-मागे थोडे मऊ आणि बाजूला कडक राहावे म्हणून. बुश फिरून बसला तर मऊपणा नको त्या दिशेला येतो. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. बुश बाहेर आला तेव्हा रबराचा काळा भुगा टेबलावर सांडला, आणि मधली नळी नुसत्या हाताने निघाली. ती कधीच निघता कामा नये. आतली नळी, रबर आणि बाहेरची नळी कारखान्यात एकमेकांना चिकटवलेली असतात.

नवा बुश दाबताना तिथला पोरगा वंगणाचा डबा घेऊन आला. मिस्त्रींनी त्याला तिथूनच परत पाठवले आणि साबणाचे पाणी मागितले. तेल-ग्रीस लागले की रबर फुगते, मऊ पडते. साबणाचे पाणी काम झाले की वाळून जाते. पुन्हा कुकरची रिंग आठवली. घट्ट बसत नाही म्हणून तेलाचे बोट फिरवायची सवय आपल्या कितीजणींना असते?

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. बुश दाराच्या बिजागरीसारखा फिरत नाही. बोल्ट घट्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला पक्की धरली जाते, बाहेरची नळी आर्मबरोबर हलते आणि मधले रबर पिळ खाते. चाक वर गेले की एकीकडे पिळ, खाली आले की दुसरीकडे, सरळ रस्त्यावर शून्य. आता गाडी जॅकवर उचलली की चाक लोंबकळते आणि आर्म खाली झुकतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर रबर त्या झुकलेल्या जागी शून्य धरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले. उभ्या गाडीतही पिळलेले, आणि प्रत्येक गतिरोधकावर त्यात भर. असा नवाकोरा बुश काही महिन्यांत फाटतो. मग लोक म्हणतात, माल खराब होता. खरे तर पाना चुकीच्या वेळी फिरलेला असतो.

हे मी दुरुस्तीच्या पुस्तिकेत वाचून गेले होते. आदल्या रात्री मुलानेच फोनवर पाठवली होती, विकून टाक म्हणत म्हणत. तिथे स्पष्ट लिहिले आहे की शेवटचे आवळणे गाडीचे वजन चाकांवर असतानाच करावे. म्हणून आर्म परत बसवायला घेतले तेव्हा विचारले, "बोल्ट शेवटी खड्ड्यावर आवळणार ना, गाडी चाकांवर उभी असताना?" मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितले. मला वाटले, राग आला. चाळीस वर्षे काम केलेल्या माणसाला शेंगदाण्याच्या चटणीची पाककृती सांगितल्यासारखे झाले असेल. ते म्हणाले, "काकू, तीस गिऱ्हाइकांत एक विचारतो. तुम्ही एकतिसाव्या." मग पोराला हाक मारली. त्याने उजव्या बाजूचे बोल्ट जॅकवरच पूर्ण आवळून टाकले होते! ते सगळे सैल करायला लावले. नट जुनेच घातले होते तेही काढून नवे लॉक नट घातले, कारण ते एकदाच नीट धरतात.

गाडी खाली घेतली, पुढे-मागे ढकलून बसू दिली, खड्ड्यावर आणली, आणि मिस्त्री स्वतः खाली उतरले. टॉर्क रेंचने एकेक बोल्ट. प्रत्येक वेळी कट् असा आवाज आला की पुढचा. सूर्य कलायला लागला होता, दिवस मावळायच्या आत घरी जेवणे व्हायला हवीत म्हणून माझे लक्ष घड्याळाकडे. तरी घाई करा म्हणाले नाही. हे स्टुलावर बसून बोल्ट मोजत होते, कानांनी.

दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घेतली. बुश बदलले की हे करावेच लागते, नाहीतर चाके एकमेकांशी किंचित तिरकी राहतात आणि टायर आतून घासतो. आमच्या डाव्या टायरची आतली कड आधीच झिजलेली निघाली. बाहेरून बघताना दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून वाकून बघावे लागते. महिन्यातून एकदा बघत जा. झिजलेला टायर मागे टाकला, पुढचा मोसम निघेल.

पुढच्या बुधवारी सासूबाईंना मिरजेला नेले. पहिल्या गतिरोधकाला मी श्वास रोखून धरला होता. चाक चढले, उतरले. दणका गेला नाही, तो गतिरोधकाचा आहे आणि महानगरपालिकेच्या कृपेने राहणार. पण ती टक् आणि तिच्याबरोबर येणारा तो कोरडा झटका गेला. ब्रेकला गाडी सरळ थांबली. तिसऱ्या गतिरोधकानंतर सासूबाईंनी मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवला. सहाव्याला म्हणाल्या, "किती हळू चालवतीस गं, दवाखाना बंद व्हायचा." मी दुसरा गिअर टाकला.

मुलाला बिलाचा फोटो पाठवला, 3,400 आणि नटांचे 120. त्याने अंगठा दाखवला. त्यावर मी पावणेनऊ रुपयांचा हिशेब पाठवला, त्याला अजून उत्तर आलेले नाही.

ज्या मैत्रिणींची गाडी दहा वर्षांच्या पुढची आहे त्यांनी एवढे करावे. आवाज कधी येतो ते लिहून ठेवावे: चढताना, उतरताना, ब्रेकला की वळताना. मिस्त्रींना आवाज "कसा" येतो यापेक्षा "कधी" येतो ते जास्त उपयोगी पडते. बिल मान्य करण्याआधी झिजलेला भाग गाडीवर असतानाच हलवून दाखवायला सांगावे. जो दाखवत नाही त्याच्याकडे काम देऊ नये, मग गॅरेजला काचेचे दार असो नाहीतर पत्र्याचे.

मागच्या आडव्या बीमचे दोन बुश अजून मूळचेच आहेत. आवाज नाही, भेगा बारीक आहेत. दिवाळीनंतर एकदा खड्ड्यावर आणा, असे मिस्त्री म्हणाले आहेत. वहीत लिहून ठेवले आहे.